उत्तर आहे, पण काढायचं नसते

मी अकोल्यात चाळीस वर्षं सेंट्रिंग केली, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू ठोकले. शिक्षण चौथी. पोरीनं अमरावतीत गणिताची पीएच.डी. करायले घेतली तेव्हा मी विचारलं, "कायचं करून राहिली व?"

"बाबा, दोन टोकांवर ठेवलेली तुळई ओझ्यानं वाकते ना, त्याचं समीकरण. चौथ्या कोटीचं, म्हणजे फोर्थ ऑर्डरचं. त्याले उत्तर असते, हे सिद्ध करायचं."

"मंग किती आलं?"

"उत्तर काढायचं नसते. आहे, एवढंच दाखवायचं."

पाच वर्षं हेच! मी घरमालकाले म्हटलं असतं, 'स्लॅब आहे, पण दाखवता येत नाही,' तर त्यानं मलेच खाली टेकू म्हणून उभं केलं असतं. हे मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरलो. म्हणून बायकोनं दवाखान्यात, शेवटी शेवटी, माझ्याकडून एकच वचन घेतलं. "तिच्या तोंडी परीक्षेत तुमी तोंड उघडू नका. पोरीचं वाटोळं होईन."

ती गेल्यावर तीन महिन्यांनी परीक्षा झाली. मी मागच्या बाकावर, वेळूची काठी घेऊन, तोंड शिवून. परीक्षक पोरीकडे कमी आणि दाराकडे जास्त पाहत होते. दाराबाहेर पोरीनंच सांगितलेलं जेवण उतरलं होतं. वांग्याच्या भाजीचा वास आत आला तशा मोठमोठ्या शंका आपोआप फिटल्या. उठता उठता एकानं विचारलं, "तुळईची टोकं नुसती टेकवली आणि भिंतीत गाडली, यात फरक काय पडतो?"

पोरीनं फळ्यावर एक रेघ ओढली आणि खडू तिथंच राहिला. माय गेल्यापासून ती अशी मधातच थांबायची.

हे तर मले येत होतं! काठी दोन बाकांवर टेकवून मधात दाबली. टोकं तिरपी झाली. मग दोन्ही टोकं मुठीत आवळून गुडघ्यावर दाबली. मुठीपाशी ती सरळच राहिली.

पोरीनं पाहिलं. "टेकवलेलं टोक खाली जात नाही सर, पण तिरपं होऊ शकतं. गाडलेलं तिरपंही होत नाही." मग जी सुटली, ती थांबेचना.

परीक्षक वळले. "आजोबा, काय चाललंय?"

मी काठीनं पाठ खाजवली.

पोरगी डॉक्टर झाली. सरांनी दोनदा भाजी घेतली.

संध्याकाळी अकोल्यात येऊन कुलूप उघडलं आणि दारातूनच मोठ्यानं म्हटलं, "नाही उघडलं व तोंड!"

शेजारीण डोकावली. "भाऊ, कोणाशी बोलून राहिले?"

"आहे एक," मी म्हटलं. "दाखवता येत नाही."