वायर लावली की शहाण्यासारखं चालणारं यंत्र

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण दुसऱ्याच्या कोडमधली चूक ते लाल अक्षरांत दाखवून द्यायचे, तीही चारचौघांत. हातात मावणाऱ्या यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहायचे आणि तपासायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा; हल्ली घरी बसून. सध्याचं यंत्र चार तासांच्या वाटेवर, औषधांच्या गोदामात होतं. खोक्यांवरचे बारकोड वाचता वाचता ते मधेच मान टाकायचं. ते वापरणाऱ्या ताईंना मॅनेजरने बजावलं होतं: आज संध्याकाळपर्यंत प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, तर यंत्र तुम्हीच आपटलंत असं धरू आणि उद्यापासून येऊ नका.

"लावा वायर," मास्तर फोनवर म्हणाले. आजचा तिसरा दिवस.

वायर यंत्रातून गोदामातल्या कॉम्प्युटरला, आणि तो कॉम्प्युटर इंटरनेटवरून मास्तरांच्या मागच्या खोलीतल्या टेबलाशी जोडलेला. इथे बसून ते प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवू शकत होते. पण मेलं बिघडायला तर हवं! दोनदा नेट गेलं, दोनदा सगळं पहिल्यापासून जोडलं. ताईंनी दोनशे खोकी वाचली. यंत्र ठणठणीत.

"अहो, चहा गार झाला," बायको दारातून म्हणाली.

"होऊ दे."

काल वैतागून त्यांनी अहवाल लिहूनच टाकला होता: 'प्रोग्राम निर्दोष. हाताळणीत निष्काळजीपणा.' नुसता पाठवायचा बाकी होता.

"बघा ताई, चालतंय."

"तुम्ही बघता तेव्हाच चालतं. फोन ठेवलात की पडतं बंद. तीन दिवस हेच सांगतेय मी."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. "ताई, यंत्राला मी दिसत नाही."

"मग काय दिसतं त्याला?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. यंत्राला वायर दिसत होती; फोन ठेवला की ताई ती काढून कामाला लागायच्या. त्याच वायरीतून त्याला वीज मिळत होती, आणि वीज मिळत असताना बॅटरी वाचवणारा भाग चालतच नव्हता. तीन दिवस ते चोराला पकडायला दिवा लावून बसले होते.

"वायर काढा. मी वायफायवरून जोडतो."

सहाव्या खोक्याला यंत्राने मान टाकली आणि मास्तरांच्या पडद्यावर ती चुकीची ओळ उभी राहिली. बॅटरी वाचवायला कॅमेरा झोपवायचा, आणि त्याने काढलेलं चित्र वाचून व्हायच्या आतच पुसून टाकायचं. असला अडाणीपणा कोणी केला, म्हणून मास्तरांनी लिहिणाऱ्याचं नाव काढलं. सहा वर्षांपूर्वीची ओळ होती. नाव त्यांचंच होतं.

त्यांनी कालचा अहवाल पुसला. फार लाज वाटली.

"सापडलं का साहेब? कोणाचं चुकलं?"

"माझं."



"मग हे तुम्हीच सांगा मॅनेजरसाहेबांना," ताई म्हणाल्या. "माझं कोणी ऐकत नाही. तुम्हीसुद्धा नाही ऐकलंत. थांबा, फोन नेऊन देते."

गोदामाच्या फरशीवर ताईंच्या चपला वाजत राहिल्या, आणि मास्तर फोन कानाला लावून काय बोलायचं ते जुळवत बसले.