टोस्टचा डबा आणि साडूची भाकरी

स्वारगेटहून कोल्हापूरच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या मांडीवर टोस्टचा पत्र्याचा डबा होता. कपड्यांची पिशवी टपावर चढवली होती, पण डबा मी सुमनच्या, म्हणजे बायकोच्याही, हाती दिला नव्हता. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळातली ही गोष्ट.

दोन वर्षं माझं पोट माझं राहिलं नव्हतं. खाल्लं की तासाभरात ते फुगून टणक व्हायचं, मग धावपळ, दिवसातून पाच-सहा वेळा. तोंड कायम आलेलं. वजन चव्वेचाळीस किलो. वैद्य म्हणाले संग्रहणी, एक डॉक्टर म्हणाले आमांश, दुसरे म्हणाले तुम्ही मनाला फार लावून घेता. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं: हलकं खा. दूध-पाव, टोस्ट, गव्हाची लापशी. आणि गंमत अशी की मला डोहाळे त्याचेच लागायचे. चहात बुडवलेला एक टोस्ट संपायच्या आत दुसऱ्यासाठी जीव कासावीस व्हायचा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. तासाच्या मधून पळणारा मास्तर किती दिवस चालवून घ्यायचा? हेडमास्तरांनी महिन्याची रजा दिली आणि स्वच्छ सांगितलं, "महिन्याने उभे राहिलात तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल." म्हणून हा हवापालट, सासुरवाडीला.

या खेपेला कोल्हापूर मला दिसलं ते खाणाऱ्यांचं गाव म्हणून. स्टँडच्या बाहेर पडलो तर समोर मिसळीचं हॉटेल. लाल तर्रीत ब्रेडची स्लाइस बुडवून माणसं घाम पुसत खात होती आणि कुणालाही कुठं पळावं लागत नव्हतं. मी दुष्ट नाही, पण त्या क्षणी त्यातल्या एकाला तरी ठसका लागावा असं मला मनापासून वाटलं.

मंगळवार पेठेतल्या सासऱ्यांच्या घरी पोचलो तर सोप्यात (पुढच्या पडवीत) वसंतराव बसलेले. हे माझे साडू, सुमनच्या धाकट्या बहिणीचे नवरे, सांगलीहून दोन दिवस आधी आलेले. गोरेपान, भरलेले, मनगटाला घड्याळ रुतलेलं. माझं घड्याळ कोपरापर्यंत जायचं.

"काय साडूभाऊ, पोट काय म्हणतंय?" त्यांनी पेठभर ऐकू जाईल असं विचारलं.

दुपारी पंगत बसली. वसंतरावांच्या ताटात मटणाचं सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि शेकावर फुगलेली ज्वारीची भाकरी. कोल्हापुरात पाव्हण्याला (पाहुण्याला) खरं तर गव्हाची चपातीच वाढायची. भाकरी घरच्यांनी खायची. पण वसंतराव लाडके, त्यांनी भाकरी मागून घेतली होती. माझ्यापुढे वाडगा आला. दूध-पाव.

"जावईबापू, भाकरी जड असती," सासूबाई म्हणाल्या. "आजारी माणसाला गव्हाचंच पायजे. उद्या मी लापशी करतो, तूप सोडून." (कोल्हापुरात बायकाही 'मी करतो' म्हणतात. आठवडाभराने कानाला सवय होते.)

वसंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, डोळे मिटले. मी पावाचा लगदा गिळत त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी तिसरी भाकरी घेतली तेव्हा माझ्या पोटात कळ आली, ती पावाची होती की माझ्या जळण्याची हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

चार दिवस असेच गेले. सासूबाई मायेने लापशी, शेवयाची खीर, मऊ चपाती दुधात कुस्करून देत होत्या आणि मी परसाकडच्या वाटेवर येरझाऱ्या घालत होतो. मग शिरोळहून चुलतसासरे तात्या आले. त्यांचं गुऱ्हाळ सुरू झालं होतं. त्यांनी वसंतरावांना आठ दिवस राहायला बोलावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमास्नी न्हाय झेपायचं पावणं. आराम करा."

बस्स. एवढंच निमित्त पुरे झालं. सुमन म्हणाली, "अहो, तिथं रानात कुठं धावाल?" मी म्हटलं, "ऊस आहे की." हवा, पाणी, विश्रांती यांतलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. वसंतराव आठ दिवस गरम काकवी (गुळाआधीचा दाट पाक) ओरपणार आणि मी मंगळवार पेठेत लापशी गिळणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

शिरोळच्या गाडीत वसंतरावांनी खिडकी पटकावली. कंडक्टरशी त्यांची दोन मिनिटांत दोस्ती झाली, शेजारच्या म्हातारीने त्यांना पेरू दिला. मला कुणी काही दिलं नाही. या सगळ्याची मनात नोंद घेण्यात मी इतका गुंतलो की उतरताना टोस्टचा डबा सीटखालीच राहिला. धुरळा उडवत गाडी पुढे गेली आणि मी रस्त्यात उभा राहून अक्षरशः रडकुंडीला आलो.

"ऱ्हाऊ द्या हो," वसंतराव म्हणाले, "इथं खायला कमी न्हाय."

कमी नव्हतंच. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये पाचटाने शाकारलेलं खोपट, भलीमोठी काहिल (उथळ लोखंडी कढई) आणि तिच्याखाली चिपाडांचा धगधगता जाळ. उकळणाऱ्या रसाचा वास अर्ध्या फर्लांगावरून यायचा. काहिलीशी इस्माईलभाई उभे असायचे. ते गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर. त्यांचे वडीलही तात्यांच्याच गुऱ्हाळात गुळवे होते. लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची मळी काढायची, रस निवळायला रानभेंडीचं पाणी सोडायचं, आणि बोटावर पाक घेऊन ओळखायचं की आता उतरवा. तोपर्यंत तात्यांनासुद्धा काहिलीजवळ बोलायची मुभा नसे.

जेवण घरून यायचं: ज्वारीच्या भाकरी, पिठलं, दही, हिरव्या मिरचीचा खरडा. गव्हाचं नाव नाही. वसंतरावांनी तीन भाकरी घेतल्या. मी म्हटलं, मरायचंच तर यांच्यादेखत मरावं, आणि दोन घेतल्या. वर काकवी घेतली, वाटी चाटूनपुसून. मग खोपटात जाऊन पोट धरून बसलो आणि धावपळीची वाट बघू लागलो.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी एकदाच जावं लागलं. चौथ्या दिवशी पोट जागच्या जागी आहे याची आठवणही राहिली नाही. सहाव्या दिवशी मी नदीपर्यंत चालत गेलो आणि परत येऊन भाकरी मागितली. टोस्टची हुरहुर मात्र जात नव्हती. चहा आला की हात आपोआप डब्यासाठी चाचपडायचा.

"माझ्या संगतीचा गुण," वसंतराव तात्यांना सांगत होते. म्हणजे माझं बरं होणंसुद्धा त्यांच्याच खात्यात. मी मनातल्या मनात कृष्णेच्या पाण्याला श्रेय दिलं.

कोल्हापूरला परतलो तेव्हा माझ्या गालांवर रंग बघून सासूबाईंनी माझी दृष्ट काढली आणि पुरणपोळ्यांचा घाट घातला. कणकेचा, तुपाचा, वेलचीचा वास. मी चार खाल्ल्या. वसंतरावांनी पाच. दुसऱ्या दिवशी ते ताजेतवाने फिरायला गेले आणि मी भिंत धरून परसाकडून परत येत होतो. पोट पुन्हा टणक. महिन्यातले पंधरा दिवस संपले होते. हेडमास्तरांना काय तोंड दाखवणार या विचाराने मी सुमनकडे पाठ करून रडलो, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच दुपारी तात्यांनी गुळाची ढेप पाठवली, ती घेऊन इस्माईलभाई आले. मला अंथरुणात बघून उंबऱ्यातच थांबले.

"आवं, परवा तर घोड्यागत चालत हुतासा. काय खाल्लं?"

"पोळी."

"तिकडं काय खात हुतासा?"

"भाकरी. तुमच्यासमोरच की."

ते उकिडवे बसले. "बगा, गूळ बिघडला की आमी समदं बदलत न्हाय. एका काहिलीला नुसती भेंडी कमी करायची. दुसरीला नुसता जाळ. दोनी येकदम बदललं तर खोट कुठं हाय ते कळणार कसं? तुमी पाणी बदललं, हवा बदलली, तिखट खाल्लं, सगळं खाल्लं. न्हाय खाल्लं ते येकच. गहू." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, आठ दिस ह्यास्नी गव्हाचा कण देऊ नगा. बाकी समदं द्या."

सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "जावयाला भाकरी वाढू व्हय मी? तीबी आजारी जावयाला? पेठेत लोक थुकतील तोंडावर."

"थुकू द्या की," इस्माईलभाई म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

सासूबाईंनी ऐकलं, पण पहिली भाकरी वाढताना त्या खरंच रडल्या आणि शेजारणी येतील म्हणून दाराला कडी घातली. मी भाकरी खाल्ली, रस्सा खाल्ला, खरडा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून धावपळ कमी झाली. पाचव्या दिवशी अंगात जोर आला आणि जोराबरोबर माझा जुना आजारही, म्हणजे हेवा, उसळला. वसंतराव मिसळ बांधून घेऊन आले होते, बरोबर ब्रेडच्या स्लाइस, पांढऱ्याशुभ्र. ते हात धुवायला मोरीत गेले आणि मी दोन स्लाइस उचलून उभ्या उभ्या कोरड्याच खाल्ल्या. पाप केल्यासारखं वाटलं नाही, सूड घेतल्यासारखं वाटलं.

संध्याकाळच्या आत पोट फुगलं. बाकी काहीच बदललं नव्हतं. मोरीच्या भिंतीला टेकून मी सुमनला सगळं कबूल केलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी स्वतःच्या हाताने तुम्हाला..." मी म्हटलं, "अगं, मीच मागून खात होतो." त्यानंतर मी गहू सोडला, आणि सोडताना मेलेल्या माणसासाठी करावा तेवढा शोक केला.

निघायच्या दिवशी सासूबाई सकाळपासून चुलीपुढे होत्या. सगळ्यांसाठी पुरणपोळ्या झाल्या. मग त्यांनी ज्वारीच्या पिठाची उकड काढली, तळहाताला तूप लावून ती मळली आणि पुरण भरून थापायला घेतलं. पहिली फाटली, दुसरी तव्याला चिकटली. चौथी जमली. जाडसर, कडेने तडकलेली, पण आत पुरण. ती त्यांनी माझ्या ताटात ठेवली, वर तूप सोडलं. कडी उघडीच होती आणि दारात शेजारीण उभी होती.

वसंतरावांनी आपल्या पोळीकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. "मला बी येक द्या की तसली."

"तुमची पोळी हाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "ही थोरल्या जावयांची."

वसंतरावांनी मान खाली घालून पोळी खाल्ली. पण त्यांची नजर माझ्या ताटावरून हलत नव्हती. ती नजर मी चांगली ओळखत होतो. दोन वर्षं मी तीच घेऊन पंगतीला बसलो होतो.

परतीच्या गाडीत मांडीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. महिना संपायला दोन दिवस असताना मी वर्गात उभा राहिलो आणि पूर्ण तास उभाच राहिलो. पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी जाड पुस्तक काढलं, बराच वेळ वाचलं आणि म्हणाले, "असा एक आजार आहे खरा. शक्यता आहे." वजन हळूहळू वाढलं. हेवा मात्र गेला नाही. शेजारी चपाती फुगल्याचा वास आला की मी अजून खिडकी लावून घेतो.

पुढच्या महिन्यात वसंतरावांचं पत्र आलं. खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी तळाशी: 'ती पुरणाची भाकरी घरी दोनदा करून बघितली, फाटते. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, थोरल्या जावयांना विचारा, त्यांची चीज आहे. कृपया कृती पाठवावी.'

ते पत्र मी जपून ठेवलं आहे. कृती अजून पाठवलेली नाही.