माझाच कुकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी विभागातलं प्रत्येक भांडण जेवताना ऐकवते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका झालं.

मी मँचेस्टरला विद्यापीठात कायदा शिकवते. युरोपातल्या देशांचे ग्राहक कायदे एकसारखे कसे करता येतील, हा माझा विषय. माझा — हा शब्द मी जरा जोरातच म्हणते. चौदा वर्षं त्यात घासली आहेत. मग नागपूरची गौरी आली, तीन वर्षांच्या करारावर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. दिवाळीचा फराळ आमच्याकडे, ताप आला की वरणभात आमच्याकडचा. माझा जीव होता तिच्यावर, खरंच. आणि तरीही — ज्या युरोपियन अभ्यासगटाच्या दारात मी इतकी वर्षं ताटकळले, त्यांनी तिला दुसऱ्याच वर्षी भाषणाला बोलावलं, तेव्हा मी "अगं वा" म्हणाले आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. माझा जळफळाट झाला होता, दुसरं काय?

त्याच सुमारास मी एका डच दुकानातून ऑनलाइन प्रेशर कुकर मागवला. चार महिन्यांत त्याचं झाकण बसेना. दुकान म्हणे, तुम्हीच आपटलं असेल, नसेल तर सिद्ध करा. मी, ग्राहक कायद्याची प्राध्यापक, वैतागून गप्प बसले. गौरीने मात्र आमच्या डायनिंग टेबलावर बसून त्यांना पत्र लिहिलं — सुरुवातीच्या महिन्यांत बिघाड निघाला, तर वस्तू देताना चांगली होती हे दुकानाने सिद्ध करायचं, ग्राहकाने नाही. नियम तिकडेही आहे, इकडेही. मुदत तेवढी वेगळी. "ताई, डोन्ट वरी, रिप्लेसमेंट येतेच बघ." दहा दिवसांत नवा कुकर दारात.

पुढच्या वर्षी एका नियतकालिकाने माझ्याकडे एक लेख तपासायला पाठवला. असे लेख नाव काढून येतात; लेखक कोण ते तपासणाऱ्याला कळू नये, तपासणारा कोण ते लेखकाला. ओळख पटली तर कळवून लेख परत करायचा, एवढा साधा दंडक. दुसऱ्या पानावर उदाहरण होतं: मँचेस्टरची एक बाई, डच दुकान, कुकर, न बसणारं झाकण.

परत करायला किती वेळ लागला असता? एक ओळ. पण मी वाचत गेले, आणि — कसं सांगू — लेख चांगला होता. मला चौदा वर्षांत जमला नव्हता इतका. सगळीकडे मुदत एकच असली तर त्या बाईचं काय सोपं होईल, हे तिने इतकं सरळ मांडलं होतं की मला ते सहन होईना. मी अहवालात लिहिलं की मांडणी उथळ आहे. मग लिहिलं की उदाहरण कृत्रिम आहे, प्रत्यक्षात असं कुणाच्या बाबतीत घडत नाही. तेव्हा स्वयंपाकघरात त्याच कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिसरी झाली, तशी मी उठून गॅस बंद केला आणि येऊन अहवाल पाठवला.

लेख नाकारला गेला. तिचा करार वाढायला तोच लेख हवा होता. तो वाढला नाही. गौरी आमच्या सोफ्यावर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या अनोळखी परीक्षकाला तिच्यापेक्षा जास्त शिव्या घातल्या. आता ती रीडिंग शहरात एका कंपनीत काँट्रॅक्ट्स तपासते. त्या युरोपियन अभ्यासगटात आमच्या विद्यापीठाची जागा मला मिळाली.

गेल्या महिन्यात ती दोन दिवस राहायला आली होती. जेवताना कुकरकडे पाहून हसली. म्हणाली, "ताई, तो रिव्ह्यूअर बरोबरच असेल गं. गोष्ट खरी होती, पण मलाच ती खरी वाटेल अशी लिहिता आली नाही."

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले, आणि तिला आणखी भात वाढला.