खोका परत ठेवणारा माणूस

कासारवाडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी मोबाइलचा चार्जर घ्यायला गेलो होतो. गुरुवार होता, इकडच्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी. पस्तिशीचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. त्याला आयुष्यातला पहिला गेमचा कॉम्प्युटर घ्यायचा होता. हौस दांडगी, खिसा बेताचा. गेम ज्याच्यावर पळतात म्हणे, त्या कार्डाचा खोका त्यानं वांगं पारखावं तसा फिरवून फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

बायको म्हणाली, "घ्या की आता. दर गुरुवारी येऊन हात लावून जाताय. देवळात गेलं तर परसाद तरी मिळतो."

"दिवाळीला बोनस आला की भारीतला घेऊ."

"मागच्या दिवाळीलाबी हेच म्हणला होता."

मला राहवलं नाही. म्हटलं, "घे रे बाबा. बायको स्वतःहून म्हणतेय, असं नशीब कुणाचं असतं?"

तो खाली बघत म्हणाला, "काका, चुकीचा घेतला तर? आपल्याला एकदाच घेता येतो."

ती दोघं तशीच निघाली, ती पुढं, तो मागं.

मला त्याचा राग आला नाही. आमच्या घराचा स्लॅब टाकताना माझ्या बायकोनं हट्टानं झोपाळ्यासाठी कड्या घालून घेतल्या होत्या. झोपाळा मात्र चांगल्या सागवानाचाच घ्यायचा म्हणून मी थांबलो. ती गेल्या वर्षी गेली. कड्या छताला तशाच आहेत. त्याला घरी नेऊन त्या दाखवाव्यात असं वाटलं, पण मी चपला घालून बाहेर येईपर्यंत त्यांची रिक्षा भोसरीकडं वळली होती.