निंगव्वा शेगडी बघायला गेली

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत निंगव्वाच्या कडक भाकरीला नाव होतं. कागदासारखी पातळ, महिनाभर ठेवली तरी मऊ न पडणारी, आणि मोडली की शेजारच्या घरात ऐकू जाणारी. नवरा गेल्यावर ह्याच भाकरीवर तिनं घर चालवलं, मुलाला, शिवप्पाला, लहानाचा मोठा केला आणि मिलमध्ये चिकटवला.

नवीन वस्तूवर मात्र तिचा चटकन विश्वास बसत नसे. घरात कंदील आला तेव्हा पहिलं वर्षभर त्याच्या शेजारी पणती तेवत असायची. कंदील कधी दगा देतो ते तिला बघायचं होतं. त्यानं दगा दिला नाही, तेव्हा तिनं पणती काढली. पण कंदिलाचं कौतुक काही केलं नाही.

१९३४ सालच्या उन्हाळ्यात माडीवरचे भाडेकरू मुकुंदराव मास्तर एका सकाळी खाली आले आणि दारातच घुटमळले. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरातही नकाशा दाखवल्यासारखे हातवारे करत बोलायचे.

"निंगव्वाबाई, राग मानू नका. हिचा खोकला काही हटत नाही. डॉक्टर म्हणाले, धुरापासून जपा. आता तुमचा धूर..." असं म्हणून त्यांनी चुलीपासून वरच्या खिडकीपर्यंत बोटानं वाट काढून दाखवली.

निंगव्वानं त्या बोटामागोमाग वर बघितलं. धूर खरोखरच त्याच वाटेनं चालला होता.

"चूल बंद करा म्हणताय व्हय?"

"छे, छे! तुमचं पोट आहे त्याच्यावर. काही करता येईल का, एवढंच विचारतोय."

ते गेल्यावर तिला वाईट वाटलं. मास्तर भांडले असते तर बरं झालं असतं. भांडायला तिच्याकडे पुष्कळ होतं. असं नरमाईनं विचारल्यावर माणसानं करायचं काय? प्रेमलाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, जेमतेम वीस वर्षांची, वर खोकत होती. निंगव्वा खाली भाकरी थापत होती. एक खोकला, एक भाकरी, असं शेवटच्या भाकरीपर्यंत चाललं.

संध्याकाळी शिवप्पा घरी आला तो बातमी घेऊनच. "अव्वा, चनमल्लप्पाच्या दुकानात एक शेगडी आलीया. चिनी मातीची! एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरच्या लिलावातली. साहेबानं जपानास्नं आणली होती म्हणं. झाकण लावलं की धूर न्हाय की काय न्हाय!"

"धूर न्हाय तर मग आत जळतंय काय?"

"कोळसा की."

दुसऱ्या दिवशी निंगव्वा बघायला गेली. चनमल्लप्पा जुन्या सामानाचं दुकान चालवायचा. मोडक्या खुर्च्या आणि आरशांच्या मधोमध ती शेगडी बसली होती. हिरवीगार, चकचकीत, भल्या मोठ्या भोपळ्याएवढी. खाली वारा घ्यायला छोटं दार, वर जड झाकण, आणि झाकणाच्या डोक्यावर भोक.

"ही चूल हाय का रांजण?" निंगव्वानं विचारलं.

"बसा की अक्का. अशी वस्तू सोलापुरात दुसरी न्हाय."

"का न्हाय?"

चनमल्लप्पानं फडकं घेऊन झाकण पुसायला सुरुवात केली.

त्या दिवशी तिनं फक्त झाकण उचलून बघितलं आणि घरी गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मडकं वाजवून घेतात तशी तिनं शेगडी चारी अंगांनी बोटाच्या पेरानं वाजवली. तिसऱ्यांदा आत हात घालून तळ चाचपला. चौथ्यांदा काहीच केलं नाही, नुसती समोर बसून राहिली. चनमल्लप्पा शेवटी म्हणाला, "अक्का, मी पोरगी बघायला गेलो तवा एकदाच बघितलं. चहा प्यायलो आन् हो म्हणलं."

"म्हणून तर," निंगव्वा म्हणाली आणि उठली.

पाचव्या वेळी ती पीठ, परात आणि तवा घेऊनच गेली. चनमल्लप्पानं परसात शेगडी पेटवू दिली. लोणाऱ्याकडचा कोळसा फुलला, धूर नावालाही नव्हता. निंगव्वानं पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आता ती आरावर, फुललेल्या निखाऱ्यांवर, उभी करून फुगवायची, तर आर खोल तळाशी. हात पोचेना. चिमट्यानं धरली तर भाकरी दुमडली आणि एका कडेनं करपली. दुसरी तव्यावरच भाजली, ती चामड्यासारखी झाली. तिसरी तिनं चनमल्लप्पाला खायला दिली. त्यानं बराच वेळ चावली आणि डोळे मिटून "बरी हाय" म्हणाला.

"बरी न्हाय," निंगव्वा म्हणाली. "ही शेगडी भाकरीची न्हाय."

तोवर आणखी तीन-चार भाकऱ्या तव्यावर कच्च्यापक्क्या भाजून झाल्या होत्या. सामान आवरता आवरता तिनं त्या आतल्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि झाकण लावलं. टाकायच्या कशाला, एवढाच त्यात विचार. मग चनमल्लप्पाच्या बायकोशी गप्पा झाल्या, पाणी प्यायलं गेलं. निघताना तिनं झाकण काढलं. भाकऱ्या खणखणीत वाळल्या होत्या. कुठं डाग नाही, कुठं करप नाही. एक मोडली. कुडूम!

निंगव्वानं आणखी एक मोडून बघितली. सकाळी भाकरी भाजायला चूल दोन घटका लागायची. पण त्या भाकऱ्या कडक करायला दिवसभर शेणी धुमसत ठेवाव्या लागत, आणि खरा धूर तो होता. बावीस वर्षं रोज तिनं तो केला होता आणि आजवर हे लक्षात आलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

तरीही ती आणखी दोनदा जाऊन आली. सातव्या खेपेला सौदा ठरला: दर सोमवारी भाकरीची एक चवड, चनमल्लप्पा जिवंत असेपर्यंत. चनमल्लप्पाच्या प्रकृतीची तिनं आधी चौकशी केली होती, ती उत्तम निघाली. पण आता माघार नव्हती.

वर जाऊन तिनं प्रेमलाबाईला सांगितलं, "पहाटे उजाडायच्या आत माझी चूल. तेवढा वेळ खिडकी लावून घ्यायची. मग भाकऱ्या शेगडीत वाळतील, खिडकी दिवसभर उघडी ठेव."

"चालेल," प्रेमलाबाई म्हणाली आणि खोकली.

शेगडी घरी आली आणि आठव्याच दिवशी घोळ झाला. काम संपल्यावर शिवप्पानं आईला मदत म्हणून निखाऱ्यांवर घागरभर पाणी ओतलं. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. शेगडीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. शिवप्पा घागर हातात धरून पुतळ्यासारखा उभा. निंगव्वा बाहेर आली, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता हिला सोलापूरचं पाणी लागलं."

ती बोलली एवढंच, पण त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं चिकणमाती आणि भुसा कालवून तडा लिंपला, वरून शिवप्पाकडून लोखंडी तारेचे तीन वेढे घट्ट आवळून घेतले. हिरवा रंग अर्धा झाकला गेला. शेगडी आता साहेबाच्या बंगल्यातली वाटत नव्हती. भाकऱ्या मात्र तशाच कडक निघाल्या.

धूर थांबला. खोकला थांबला नाही. दसऱ्यापर्यंत तो तसाच होता. मग मास्तरांनी डॉक्टर बदलला, नव्या डॉक्टरनं निराळं औषध दिलं आणि दिवाळीत प्रेमलाबाई ठणठणीत झाली. मास्तर खाली येऊन म्हणाले, "निंगव्वाबाई, तुमच्या शेगडीनं हिचा जीव वाचवला!" निंगव्वाला औषधाचं ठाऊक होतं. पण मास्तर एवढे आनंदात होते, की औषधाचं नाव न काढता तिनं त्यांच्या हातावर एक भाकरी ठेवली.

दिवाळी सरल्यावर एका पहाटे चूल पेटलेली असताना प्रेमलाबाई खाली आली आणि पाटावर बसली.

"खिडकी लावून वरच बसायचं, असं ठरलंय की आपलं," निंगव्वा म्हणाली.

"वर बसून कंटाळा येतो. मला भाकरी शिकवा."

निंगव्वानं परात पुढं सरकवली. पहिल्या भाकरीला तीन कोपरे आले. दुसरी थापता थापता फाटली. तिसरी गोल झाली, म्हणजे बरीचशी. निंगव्वानं ती आरावर फुगवली, शेंगाचटणीबरोबर उभ्या उभ्या खाल्ली आणि हात धुतले.

"कशी झालीय?" प्रेमलाबाईनं विचारलं.

"उद्या बी ये," निंगव्वा म्हणाली.