सुपलीतल्या गोळ्या

निपाणीत कुणाचा खोकला तंबाखूचा आणि कुणाचा टीबीचा, हे गुणाबाईला दारातूनच कळायचं. कळणारच. वीस वर्षं विड्या वळल्या, स्वतः टीबी काढला, मग सहा वर्षं एका संस्थेच्या टीबीच्या कामावर दारोदार फिरली.

विडी वळणारीला टीबी झाला असं कळलं की ठेकेदार पानं द्यायचं बंद करतो. म्हणून गुणाबाईच्या सुपलीत वर टेंभुर्णीची पानं आणि खाली गोळ्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई शेजारी विड्या वळायला निघालीय. गोळी समोर गिळायला लावायची आणि वर जीभ उचलून बघायची.

औषध आपल्याच सरकारचं, फुकट. ते पोचवणाऱ्या बाईचा पगार तेवढा समुद्रापलीकडच्या एका सरकारकडून यायचा. दोन हजार पंचवीसच्या सुरुवातीला त्या सरकारनं हात आखडला. संस्थेनं दोन ओळींचं पत्र दिलं आणि ओळखपत्र काढून घेतलं. तिकडं ठरवणाऱ्यांना निपाणी नकाशावर सापडली नसती, आणि इकडं ती जागा भरायची कुणाला घाई नव्हती.

गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या नीलमचा सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स तेव्हा दोनच महिने झाला होता. चार बाकी होते.

"आता तूच जा गं दवाखान्यात. मला गोळ्या देईनात."

"रांगेत ठेकेदाराची बायको असती, आक्का. बीपीच्या गोळ्या न्ह्याला येती. आन् खोकला थांबलाय की माझा."

"थांबला म्हंजे गेला न्हाय."

"जाते म्हनलं न्हवं?"

गुणाबाईनं तेवढ्यावर विश्वास ठेवला. पोटासाठी तिनंही परत विड्या धरल्या होत्या.

श्रावणात ठेकेदाराच्या दारात विड्या मोजून द्यायला बायका बसल्या होत्या. नीलम खोकली. तिची सासू मालुबाई घाईनं म्हणाली, "ठसका हाय तंबाखूचा. कुणाला न्हाय?"

गुणाबाईला नीलमची गळ्याची हाडं दिसली. इतकी वर्षं सुपलीत लपवलेलं ती सगळ्यांदेखत बोलली. "टीबी हाय हिला. मलाबी होता. ऊठ गं, चल दवाखान्यात."

ठेकेदारानं हिशेब थांबवला. "दोघींनी सुपल्या घरी ठेवा. मालुबाई, तूबी."

मालुबाई गुणाबाईला म्हणाली, "समाधान झालं?"

चार दिवसांनी नीलमच्या थुंकीचा रिपोर्ट आला. मधेच सोडलेल्या जुन्या गोळ्या आता तिला लागू पडणार नव्हत्या. नवं औषध बेळगावहून यायचं होतं, आणि गुण येईलच असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरात लहान कोण आहे?"

"तिची तीन वर्षांची पोरगी," गुणाबाई म्हणाली.

"घेऊन या."

गुणाबाई पोरीला न्यायला गेली. मालुबाईनं तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. पोरगी खोकली, थांबली, परत खोकली.

"ठसका हाय," मालुबाई म्हणाली.

काम तुटल्यापासून चार दिवस त्या घरात तंबाखूचा कण आला नव्हता. गुणाबाईनं पोरीसाठी हात पुढं केले.