नाथाजीची काचेतली सुई

सियाचीनच्या बर्फानं नाथाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं अर्धी खाल्ली. तरी लष्करी दवाखान्यात शिकलेलं काम सोडायला कोरेगावचा हा गडी तयार नव्हता. पेन्शनीत निघाल्यावर तो सांगलीत देवदत्त डॉक्टरांच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागला. तिथं रक्ताच्या चार थेंबांची बारीक नळी, रक्त तळाशी बसू नये म्हणून, टिचकी मारून ढवळत, आणि याच्या टिचकीत दम कुठला असायला! मग त्यानं शिवणाच्या सुईचा तुकडा बारीक काच वितळवून तिच्यात बंद केला, गंजू नये म्हणून. तो नळीत टाकायचा आणि मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक बाहेरून वरखाली फिरवायचं. आत सुई नाचायची, थेंब एकजीव व्हायचे. डॉक्टर त्याला जत्रेतला खेळ म्हणून हसायचे.

ते हसणं नाथाजीच्या मनाला लागलं होतं. म्हणून सत्त्याण्णव साली एका मंगळवारी जतच्या हरणाबाईच्या चार दिवसांच्या, पिवळ्या पडलेल्या नातवाचं रक्त आलं, तेव्हा त्यानं हट्टानं टिचकीच मारली. काविळीचा आकडा निघाला चोवीस. बाळाचं सगळं रक्त बदलावं लागणार म्हणून डॉक्टरांनी मिरजेला न्यायला गाडी बोलावली. हरणाबाई नातवाला मांडीवर घेऊन, पदर तोंडात धरून बाकावर बसली.

नाथाजीनं नळी उजेडात धरून पाहिली. तळाशी रंग गडद, वर फिकट. रक्त खाली बसलं होतं, यंत्रानं वरचं पिवळं पाणीच मोजलं असणार. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर एवढ्याशा जिवाचे हाल. टाच टोचून टोचून आधीच निळी पडलेली. पुन्हा रक्त मागायला त्याचं मन धजेना.

"साहेब, मी नीट ढवळलंच न्हाई," तो म्हणाला. "गाडी थांबवा. त्याच नळीत सुई फिरवतो."

डॉक्टर संतापानं लाल झाले, पण त्यांनी होकार दिला. नाथाजीनं चुंबक शंभरदा वरखाली केलं, सुई ओढून बाहेर काढली आणि नळी यंत्रात ठेवली. तेरा. डॉक्टरांनी स्वतः दोनदा वाचलं. तेराच.

"म्हंजे रगत बदलायचं न्हाई?" हरणाबाईनं विचारलं.

"न्हाई, मावशी. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवायचं, कावीळ उतरंल, बस."

ती तिथंच फरशीवर बसली आणि पोटभर रडली. नाथाजीला इतकं हलकं वाटलं, की नोकरीचं भान त्याला राहिलंच नाही. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुढची नळी त्याच्या अर्ध्या बोटांत दिली.

"यापुढं टिचकी नको, नाथाजी," ते म्हणाले. "आणि माझ्यासाठी पण एक सुई करा."